टाळूवरचं भोक तोंडात कसं शोधायचं?

कवटीवर ग्रेटर पॅलाटाइन फोरामेन (टाळूच्या हाडातलं मागचं मोठं भोक, टाळूची नर्व्ह यातून बाहेर येते) लगेच दाखवता येतं, मग दाढ काढण्याआधी टाळू बधिर करायला पेशंटच्या टाळूवर सुई नेमकी कुठे टोचायची, हा तुमचा प्रश्न. माझीही गाडी इथेच अडली होती.

‘दुसऱ्या दाढेसमोर’ एवढंच मी पाठ केलं होतं. एका पेशंटची पहिली दाढ काढायची होती आणि तिच्यामागे दाढच नव्हती. मी आपली अंदाजाने बरीच मागे सुई घातली. हिरडी बधिर झालीच नाही. उलट पडजिभेकडचा भाग जड पडला आणि तो बिचारा घशात काहीतरी अडकल्यासारखा उबळ देत राहिला.

नंतर कवटी उलटी धरून नीट बघितली. मोठ्या भोकाच्या अगदी मागे एक-दोन बारीक भोकं असतात, लेसर पॅलाटाइन. त्यातल्या नर्व्ह मऊ टाळूला जातात. माझं औषध तिकडे गेलं होतं. मोठं भोक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दाढेच्या आसपास, टाळूच्या मधल्या सांध्यापासून साधारण १५ मिमी बाजूला असतं. पण माणसागणिक ते थोडं पुढेमागे सरकतं. म्हणून दात मोजत बसू नका, हाडाचा कोपरा धरा. दाढा ज्यात रुतलेल्या असतात ते हाड टाळूच्या सपाट हाडाला मिळतं त्या कोनातच ते असतं, आणि दाढा पडल्या तरी तो कोपरा बऱ्यापैकी शाबूत राहतो.

तोंडात कापसाची काडी त्या कोपऱ्यात पहिल्या दाढेपाशी टेकवा आणि दाबत दाबत मागे न्या. एका जागी ती किंचित खड्ड्यात बसते. तेच भोक.

आता कवटीवर भोकातून पुढे निघालेली पन्हळ बघा. नर्व्ह आणि धमनी त्यातून पुढे येतात. म्हणजे भोकात सुई घालायची गरजच नाही (मला हे फार उशिरा उमगलं). भोकाच्या जरा पुढे टोचा, हाड लागलं की थांबा, मागे ओढून रक्त येत नाही ना बघा, मग अर्धा मिलि पुरतं. टाळूची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असते, औषधाला पसरायला जागा नसते. भराभर ढकललंत की पेशंट खुर्चीतून उठतो. अर्धं मिनिट तरी लावा. टोचण्याआधी काडीने दाबून जागा पांढरी करून घ्या, दाब सोडू नका.

याने फक्त टाळूकडची बाजू बधिर होते, तीही साधारण पहिल्या उपदाढेपर्यंत. दात काढायचा तर गालाकडून वेगळं इंजेक्शन लागतंच. सुळ्यापुढच्या भागाला पुढच्या दातांमागच्या उंचवट्याखालून येणारी नेझोपॅलाटाइन नर्व्ह आहे, आणि सुळ्यापाशी दोघींची हद्द एकमेकींत मिसळते. तिथे एकाच टोचणीवर विसंबू नका.

काडीचा खड्डा आधी स्वतःच्या टाळूवर शोधून बघा. दोन-तीनदा केलंत की बोटांना कळायला लागतं.