सोलापुरात राहून ओहोटीच्या वाळूवरची ५० किलोमीटरची शर्यत पळता येईल का?

तुम्ही लिहिलंय की सोलापूरच्या रस्त्यांवर २१ किलोमीटर आरामात होतात, आता कोकणात ओहोटीच्या पुळणीवरून जाणारी ५० किलोमीटरची शर्यत करायची आहे, पण इथं समुद्रच नाही तर सराव कुठे करायचा? मी सोलापूरचाच आणि अशी शर्यत पळालोय. पळता येते. अंतराचं टेन्शन जरा बाजूला ठेवा आणि आधी भरती-ओहोटी समजून घ्या, कारण तिथं कटऑफ, म्हणजे टप्पा गाठायची शेवटची वेळ, आयोजक ठरवत नाहीत, समुद्र ठरवतो.

घरात कालनिर्णय असेलच. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी ऐन दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या आसपास. हा हिशेब ढोबळ आहे, बंदराप्रमाणे वेळ मागेपुढे होते, त्यामुळे शर्यतीसाठी त्या बंदराचं छापील वेळापत्रकच बघा. पण एवढ्यावरून कळतं की पळायला उधाणाचे, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस सोयीचे. पहाटेच पाणी लांब आत जातं आणि रुंद, घट्ट पट्टा मोकळा होतो. गोम अशी की उधाणाला जास्तीचं पाणी तेवढ्याच सहा तासांत परत येतं. समजा पाणी ३ मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ते साधारण २५ सेंटीमीटर चढेल, दुसऱ्यात ५०, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५. पहिल्या तासात ‘काहीच वाढलं नाही की’ असं वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो.

आता वाळू. कोरड्या मऊ वाळूत पळायला घट्ट जमिनीच्या दीडपटीहून जास्त ताकद जाते, तेव्हा वरच्या बाजूच्या सुरूच्या सावलीला भुलू नका. पाणी नुकतंच उतरलेला ओलसर पट्टा धरायचा. तो ओळखायची खूण सोपी आहे. पाय पडला की भोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसते. दाबानं कण एकमेकांपासून सरकतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं. अशी वाळू पाय धरते. पाय टाकल्यावर ती चकाकली, लिबलिबली तर तिथं पाणी भरलेलं आहे, वळसा घाला. चुकून रुतलातच तर एक पाय जोरात उपसू नका, दुसरा आणखी खोल जातो. मागे रेला, अंगाचा भार पसरा आणि पाय हलवत हलवत सोडवा. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. हे दुखणं रस्त्यावर पळणाऱ्यांनाही होतं.

सोलापुरात काय करता येईल? आठवड्यातून एकदा पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात जा. वारीचे दिवस टाळा आणि उजनीतून पाणी सोडलंय का ते विचारून घ्या. नदीची वाळू समुद्राच्या वाळूपेक्षा भरड, पण पोटऱ्या आणि घोटे तयार करायला चांगली. उजेड असतानाच पळा. भीमेच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे कुठे असतील सांगता येत नाही. (त्या उपशावर लिहायला बसलो तर वेगळं उत्तर होईल.) खाडीच्या चिखलाची सवय करायची असेल तर पावसानंतर काळ्या रानातून चाला. प्रत्येक बुटाला किलोभर माती चिकटली की काय ते समजेल. शर्यतीआधी निदान एक शनिवार-रविवार रत्नागिरीकडे काढा, कोल्हापूरमार्गे सरळ रस्ता आहे.

उन्हाच्या बाबतीत सोलापूरकर जरा फुशारकी मारतात, मीही मारतो. बेचाळीस अंश सोसणाऱ्याला कोकणातले बत्तीस काय करणार? पण आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो आणि अंग गार होतं. तिथं घाम नुसता ओघळतो, वाळतच नाही. वेग कमी ठेवा, मीठ-साखर-लिंबाचं पाणी तहान लागायच्या आधीपासून घ्या. खायला राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बॅगेत असू द्या, पण शर्यत संपल्यावर. कोरड्या तोंडात ती भाकरी गिळवत नाही. दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, उत्तरेकडे पळायचा टप्पा असेल तर तो सकाळीच उरकेल असं बघा.

बूट जाळीचे, पाणी लगेच बाहेर टाकणारे. मोजे पातळ, सुती अजिबात नकोत. बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन भरपूर. अनवाणी पळायचा मोह होईल, पण कालवांच्या शिंपल्या ब्लेडसारख्या कापतात.

शेवटचं म्हणजे खाडीची मुखं. अलिबागला ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्यात गेला असाल तर अंदाज येईल: मधली वाळू कोरडीच दिसते आणि पाणी आधी तुमच्या पाठीमागच्या सखल पट्ट्यात भरतं. इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब उपसागरात ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री शिंपले गोळा करणारे निदान २१ मजूर भरतीत अडकून बुडाले. त्या वाळूवरून लोकांना पार नेण्यासाठी शेकडो वर्षांपासून राजाने नेमलेला वाटाड्या असतो, तरीही. म्हणून खाडीपाशी उभा असलेला कोळी ‘आता नको’ म्हणाला तर घड्याळ दाखवून हुज्जत घालू नका. होडीत बसा, बाद व्हा आणि पुढच्या वर्षीची तिथी बघून ठेवा.