सिंगापूरमध्ये समुद्रातील मासे आणि शिंपल्यांची शेती परवडते का?

परवडते, पण पिंजऱ्यात मावेल तितका मासा भरून भावाची वाट पाहणाऱ्याला ती परवडत नाही, असे मी सिंगापूरच्या पुलाव उबिन बेटाजवळच्या तरंगत्या पिंजऱ्यांवर काम केलेला माणूस म्हणून ठामपणे सांगतो.

सिंगापूर आणि मलेशिया यांच्यामधली जोहोरची सामुद्रधुनी मुळातच चिंचोळी असून 1924 साली खुल्या झालेल्या कॉजवेने, म्हणजे दोन्ही देशांना जोडणाऱ्या भरावावरच्या रस्त्याने, तिला मधोमध बांध घातला आहे, त्यामुळे तेथील पाणी आरपार वाहत नाही. 2015 च्या फेब्रुवारीत चिनी नववर्ष उरकताच माशाचा भाव उतरला, तेव्हा मी आमच्या मालकांना विनवले की पुढे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी मंदावण्याचे दिवस आहेत, ऊनही कडक आहे, तयार जिताडा मिळेल त्या भावाने काढून पिंजरे विरळ करावेत. महिनाभर थांबू, असे त्यांचे उत्तर होते. महिनाअखेरीस पाण्याला ओढ उरली नाही, सूक्ष्म शेवाळ माजले, आणि एका पहाटे जिताडे कल्ले फाकवून पाण्याच्या वर तोंड काढू लागले. दुपारपर्यंत पांढरी पोटे वर आली आणि तयार मासा टोपल्या भरभरून कचऱ्यात गेला. त्या संकटात तेथील समुद्रातल्या सगळ्या पिंजऱ्यांचा मिळून 500 ते 600 टन मासा मेला. मालक आजही तो निसर्गाचा कोप मानतात. शेवाळ कोणाच्या हातात नसते हे खरे, परंतु रात्री तेही प्राणवायू ओढते, आणि उरलेल्यावर किती मासे जगवायचे हे मालकाच्याच हातात असते. शेजाऱ्यांनी पिंजऱ्याभोवती ताडपत्री गुंडाळून आत हवा सोडली होती; त्यांचा बराच मासा वाचला.

शिंपल्यांविषयी सांगायचे तर हिरवी शिनाणी दोरांवर साधारण सहा महिन्यांत तयार होतात, त्यांना खाद्य विकत घालावे लागत नाही, म्हणून नवख्याने तेथूनच सुरुवात करावी. भाव मात्र बेताचा मिळतो, कारण आयात माल स्वस्त असतो आणि स्थानिक म्हणून चार पैसे जास्त देणारे गिऱ्हाईक थोडेच आहे. शिवाय विषारी शेवाळ आले की ते शिनाण्यांच्या मांसात साठते, त्यामुळे तपासणी झाल्याशिवाय एकही दोर विक्रीसाठी काढू नये, मग मालक कितीही घाई करोत.