रंग नंतर काढ

बेटा,

तू पाठवलेली सहाही चित्रं टेबलावर मांडून पाहिली. हात चांगला आहे, वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, स्वच्छ पडतो. पण सगळी फोटोवरून केलेली आहेत, हे तू सांगितलं नसतंस तरी कळलं असतं. सावल्या सरसकट काळ्या, आकाश कोरं पांढरं. भर उन्हात मोबाइलला हे दोन्ही एकदम नीट धरता येत नाही, डोळ्याला येतं. झाडाखालच्या सावलीत मुरुमाचा तांबूस उजेड वर परततो, आकाशाचा निळा त्यात उतरतो. फोटोतून ते गेलं, म्हणून तुझ्या चित्रातूनही गेलं.

तुझ्या वयाचा असताना मीही शहाणाच होतो. फाल्गुनात रामटेकच्या वाटेवर पळस काढत बसलो. फुलं झाली, पण झाड उघडं वाटायला लागलं, म्हणून मधेमधे हिरवी पानं भरली. एक गुराखी मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, ‘‘भाऊ, आता पळसाले पानं कुठून आले?’’ पळसाला पानं तीनच म्हणतात, मी ऐन बहरात तीनशे काढली होती! झाड दहा पावलांवर होतं आणि मी मनातलंच झाड रंगवत होतो. मग जवळ गेलो. केशरी पाकळ्या ज्या पेल्यातून निघतात तो काळपट, मखमली असतो. फूल पेटल्यासारखं दिसतं ते त्या काळ्यामुळे. नारिंगी रंगाची अख्खी ट्यूब ओतली तरी ते साधत नाही.

तेव्हा एक जागा धर आणि वर्षभर तिथेच जा. आपल्या नागपूरचा फुटाळा तलाव घे. संध्याकाळी चौपाटीवरून पाहशील तर सूर्य समोर असतो, पलीकडच्या झाडांची एकच गडद पट्टी होते. सकाळी ऊन तुझ्या पाठीमागून येतं आणि त्याच पट्टीत खोडं, फांद्या वेगळ्या दिसू लागतात. पाण्यातलं झाड काठावरच्या झाडाहून जरा फिकं असतं, पाण्यातलं आकाश मात्र वरच्याहून जरा गडद. दूरचं ते निळं, हे तू पुस्तकात वाचलं असशील. आपल्या मे महिन्यात धुळीनं दूरचं पांढुरकं होतं. एक जोरदार पाऊस पडू दे, मग तुझा निळा सापडेल.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी जाऊ नकोस. उन्हाचा त्रास तर आहेच (डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, हे तुझी आजी सांगेलच), पण तेव्हा नागपुरात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते. सावलीच नाही तर आकार कशावर उभा करशील? शिवाय वॉश कागदावर पसरायच्या आत वाळतो. पहाटे साडेपाचला निघ, आठला परत ये. पावसाळ्यात उलटं होतं, तासभर वाळतच नाही. तेव्हा नुसती पेन्सिल ने.

बसल्यावर पहिली वीस मिनिटं रंगाची पेटी उघडायची नाही. काडेपेटीएवढा चौकोन आखून तीनच छटांत समोरचं मांड: उजेड, मधलं, गडद. मागच्या बाजूला तारीख, वेळ, वारा कुठून येतो ते लिही. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकारानं १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागात नुसत्या ढगांचे कितीतरी अभ्यास केले आणि त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर दिवस, वेळ, वारा टिपून ठेवला. मला त्या ढगांइतक्याच त्या नोंदी आवडतात.

लोक मागे येऊन उभे राहतील, ‘‘हे काय काढून राहिले?’’ विचारतील. चिडू नकोस, त्यांच्यात एखादा गुराखी असतो.

दोन महिने मला रंगीत चित्र पाठवू नकोस. फोटो काढायचाच असेल तर त्या छोट्या कागदांच्या मागच्या बाजूचे काढ आणि तेवढे पाठव.

तुझा,
काका