परक्या जीनचं प्रोटीन बनवून पेशीबाहेर टाकून घ्यायला पिचिया (यीस्ट) घेऊ की अ‍ॅस्परजिलस (बुरशी)?

हे बघ, पहिल्यांदाच करतोयस तर गुमान पिचिया घे. अ‍ॅस्परजिलस नायजर प्रोटीन बाहेर टाकण्यात बाप आहे हे खरंय, पण स्वतःचं ग्लुकोअमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) टाकतो तसं परक्याचं टाकत नाही, वर त्याचे प्रोटीएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम) तुझं प्रोटीन फस्त करतात ते वेगळंच, म्हणून तर लोक आपला जीन ग्लुकोअमायलेजच्या मागं जोडतात आणि मधे केक्स-२ ची (पेशीतल्या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमची) साइट ठेवतात म्हणजे बाहेर पडायच्या आधीच तिथं कापलं जातं. हे सगळं नंतर.

पिचियात अल्फा फॅक्टरचा सिग्नल (प्रोटीनला बाहेरचा रस्ता दाखवणारा तुकडा) लाव, प्लास्मिड (जीन वाहून नेणारा गोल डीएनए) कापून लिनियर, म्हणजे सरळ, करूनच घाल. एओएक्स-१ प्रमोटर (मिथेनॉलनं चालू होणारा जीनचा स्विच) असेल तर मिथेनॉल रोज ०.५ ते १ टक्का टाकायचं, उडून जातं ते, विसरलास की इंडक्शन (जीन चालू करणं) बोंबललं. लिटरच्या फ्लास्कमध्ये मीडिया (पेशी वाढवायचा द्रव) १००-२०० मिलीच, हवा भरपूर लागते त्याला.

आणि आपला सोलापूरचा उन्हाळा माहितीये ना, मे महिन्यात कूलिंग नसलेला शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) लावायचाच नाही, ३२ अंशाच्या वर गेलं की प्रोटीन मिळायचं विसर. रिकाम्या व्हेक्टरचा (आपला जीन नसलेल्या त्याच प्लास्मिडचा) कंट्रोल तुलनेला सोबत ठेव. रोज सॅम्पल काढून, पेशी खाली बसवून वरचं पाणी जेलवर (प्रोटीन आकारानुसार वेगळी करतो तो) लाव, बँड नाही दिसला तर लगेच रडू नकोस, पेशी फोडून बघ, बऱ्याचदा आतच अडकलेलं असतं.