नोकरी बदलली, आता मीही बदलतोय का?

"पगार जवळपास दुप्पट झाला मॅडम, पण रात्री झोप नाही." पतसंस्थेत सोळा वर्षं काढून खासगी बँकेत आलेले एक गृहस्थ माझ्याकडे सल्ल्यासाठी आले, तेव्हा पहिल्या भेटीत म्हणाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एक निवृत्त शिक्षक आठ लाखांची एफडी पुन्हा ठेवायला आले होते, यांनी त्यांची युलिपवर (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) सही घेतली. टार्गेट झालं, झोप गेली.

'प्रामाणिकपणा' हा शब्द अशा वेळी फारसा कामी येत नाही, तो फार मोठा आहे. म्हणून कागद घेतला. जुन्या नोकरीतले समाधानाचे तीन प्रसंग, टोचणारे तीन आणि प्रत्येकासमोर एकच ओळ: मी नेमकं काय केलं? त्यांनी सांगितलेल्या पाच 'मूल्यां'पैकी चार सवयी निघाल्या: ओळखीची माणसं, सहाला घरी, मराठीतून काम, टाय नाही. त्या सुटल्याचं दुःख खरंच असतं, पण ते वेगळं. पाचवं मात्र सहा प्रसंगांपैकी चारांत होतं. जामीनदाराची सही घेण्याआधी ते सांगायचे, "कर्जदारानं थकवलं तर वसुली तुमच्याकडून होईल, चालेल?" समोरच्याला कळल्याशिवाय सही नाही. ही निवड न करता लोक सगळंच धरून ठेवतात, थकतात आणि मग सगळंच सोडून देतात.

मग त्या वाक्याचे तीन प्रश्न केले, फॉर्म काढण्याआधी विचारायचे. हा पैसा कधी लागणार? पुढचे हप्ते कुठून भरणार? पाच वर्षं काढता येणार नाही, हे तुमच्या शब्दांत सांगा बघू. तिसऱ्यावर माणूस अडखळला, तर त्या दिवशी सही नाही.

शिक्षकांचं काय? पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. एकोणिसाव्या दिवशी हे स्वतः त्यांच्या घरी गेले, चूक सांगितली, परतीचा अर्ज भरून दिला. त्या रात्री झोप लागली.

मॅनेजरशी बोलताना बहुतेकांचं चुकतं ते इथे: भर मीटिंगमध्ये तत्त्व मांडतात, बाकीच्यांना तो आपल्यावरचा आरोप वाटतो. आम्ही वाक्य घोटून घेतलं, एकांतात बोलायचं: "सर, ज्येष्ठांना युलिप देणार नाही. त्याऐवजी या महिन्यात आरोग्य विम्याचे बारा अर्ज आणतो." आकड्याशिवाय नकार टिकत नाही.

तिसऱ्या भेटीला पत्नीला बोलावलं. घराचा हप्ता आणि घरखर्च मिळून सहा महिन्यांची रक्कम बाजूला असल्याशिवाय 'नाही' म्हणणं फार जड जातं. त्यांच्याकडे चारच महिन्यांची होती. तेव्हा दिवाळीचा बोनस तिकडे वळवायचं ठरलं.

त्या तिमाहीत रेटिंग घसरलं. घरी ते आधीच माहीत होतं, म्हणून भांडण झालं नाही. त्याच कागदावर त्यांनी खाली लिहिलंय: ३१ मार्चपर्यंत तिसरा प्रश्न वगळायला भाग पाडलं, तर दुसरीकडे अर्ज.