आई अंथरुणाला खिळलेली असताना देवाची कृपा कुठे शोधायची?

तुम्ही लिहिलंय की आईला अर्धांगवायू झाला, पारायणं केली, नवस बोललात, तरी फरक नाही. मग कृपा म्हणतात ती कुठे आहे, आणि रोजचा हरिपाठ चालू ठेवू की सोडून देऊ?

आधी एक सांगते. "देव परीक्षा बघतोय", "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल" असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावायचा हक्क कोणालाच नाही.

मला तुकोबांचा आधार वाटतो. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबांचा व्यापार बुडाला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय, कसलाही मुलामा न देता. पुढे 'बरं झालं देवा, दिवाळं निघालं' असंही तेच म्हणाले. पण ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हणाले, शेजाऱ्याच्या नाही! आणि 'माझ्या लेखी देव मेला' हेही त्यांचेच शब्द. दोन्ही अभंग गाथेत आहेत. तेव्हा देवावर चिडलात म्हणून भक्ती संपली असं समजू नका.

त्यांच्या आत्मकथनातली मला सगळ्यात जवळची गोष्ट याच्या पुढची आहे. एवढं गमावल्यावर 'हे का झालं' याचं उत्तर मिळाल्याचं ते तिथे सांगत नाहीत. देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावंसं वाटलं, एवढंच सांगतात. मग एकादशीला कीर्तन करू लागले, आणि सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं हेही मोकळेपणी कबूल करतात.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा समजूत घालणारे पुष्कळ आले. शेजारच्या काकू मात्र पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि काही न बोलता आईजवळ बसल्या. भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तिच्या तोंडाशी धरला. आईने तोंड फिरवलं. काकूंनी हात तसाच धरून ठेवला, आणि शेवटी तिने तो घास घेतला. भावाचं जाणं मला आजही पटलेलं नाही. पण त्या हातात देव होता, हे मी मनापासून मानते.

हरिपाठ म्हणावासा वाटला तर आईच्या उशाशी बसून मोठ्याने म्हणा. या आजारात बोलणं गेलेल्या काही माणसांना पाठ असलेली गाणी, प्रार्थना म्हणता येतात. कदाचित त्याही ओठ हलवतील. नसेल वाटत, तर त्या वेळात देवाशी भांडा, तेही चालतं. नवसाला बाजूला काढलेले पैसे फिजिओथेरपीला वापरा, डॉक्टरांनी सांगितलंय तशी आईची कूस बदलत राहा, आणि रात्रीच्या जागरणाला भावंडांना बोलवा. सगळं एकट्याने ओढू नका.