'सुटला' म्हणजे नेमकं काय झालं?

सोलापुरातल्या साखर पेठेतून एका वाचकानं विचारलंय: "आमच्या गल्लीतल्या एका पोराला मारामारीच्या खटल्यात कोर्टानं दोषी धरलं, पण तुरुंगात न पाठवता 'परिवीक्षेवर' सोडलं. घरच्यांनी 'निर्दोष सुटला' म्हणून पेढे वाटले. शेजारचे काका म्हणतात, दोषी ठरलेला माणूस सुटला असं म्हणताच येत नाही. त्यात आमचा भाचा बँकेत नवीन लागलाय, तोही म्हणतो मी परिवीक्षाधीन आहे! हा शब्द नक्की कशासाठी आहे? आणि परिवीक्षा की परिविक्षा?"

काकांचं अर्धं बरोबर आहे. पोरगा सुटला हे खरं, निर्दोष सुटला हे खोटं.

घोळ आपल्या 'सुटणे' या क्रियापदाचा आहे. चहाच्या गाड्यावर "सुटला की बे त्यो" एवढं कानावर पडलं तर त्यातून काय कळणार? जामिनावर बाहेर आलेला सुटला. दोषारोप ठेवायलाच आधार नाही म्हणून दोषमुक्त झालेला सुटला. खटला पुरा चालून पुराव्याअभावी निर्दोष ठरला तोही सुटला, आणि शिक्षा भोगून आला तोही सुटलाच. फर्लोवर घरी आलेल्या कैद्यालासुद्धा गल्ली 'सुटला' म्हणते, आणि मुदत संपून तो परत आत गेला की बुचकळ्यात पडते. कारागृहाच्या कागदावर फर्लोला 'संचित रजा' आणि पॅरोलला 'अभिवचन रजा' म्हणतात. सरकारी मराठीला आपण उठताबसता नावं ठेवतो, पण हे दोन शब्द फार नेमके आहेत. शिक्षा भोगता भोगता साठत जाते ती संचित, आणि परत येण्याचा शब्द देऊन मिळते ती अभिवचन. दोन्ही रजाच. रजेवर गेलेला माणूस नोकरीतून मोकळा झाला असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

आता परिवीक्षा. फौजदारी खटल्याच्या शेवटी कोर्टापुढे एकामागून एक दोन प्रश्न येतात. गुन्हा केला का? केला असेल तर शिक्षा काय? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की माणूस दोषी ठरला, त्याला दोषसिद्धी म्हणतात. शिक्षेचा विचार त्यानंतर. परिवीक्षा येते ती इथे, या दुसऱ्या प्रश्नावर. कोर्ट म्हणतं, दोष सिद्ध आहे, पण तूर्त शिक्षा सुनावत नाही, तुझ्याकडे बघतो. म्हणजे त्या पोराचा पहिल्या प्रश्नाचा निकाल त्याच्या विरुद्धच गेलाय. पेढे वाटायला हरकत नाही, फक्त ते कशाबद्दल वाटतोय हे ठाऊक असावं.

कायद्याचं नाव अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८. त्यात सोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. कलम ३ खाली, आधी दोषी न ठरलेल्या माणसाला किरकोळ चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात 'समज देऊन' सोडता येतं. कलम ४ जास्त रुंद आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे सोडून बाकीच्यांत, गुन्ह्याचं स्वरूप आणि माणसाचं वागणं पाहून, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडता येतं. हे बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं. सोबत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेखही लावता येते, आणि लावलीच तर ती वर्षापेक्षा कमी नसते. वय २१ च्या आत असेल तर कोर्टानं शक्यतो तुरुंगात धाडू नये, धाडायचंच असेल तर कारण लिहावं, असं कलम ६ सांगतं. आणि अटी मोडल्या तर? तर कोर्ट मूळ गुन्ह्याची राखून ठेवलेली शिक्षा सुनावू शकतं. पहिल्याच चुकीला सौम्य उपाय म्हणून द्रव्यदंडाचीही सोय आहे, कमाल ५० रुपये. १९५८ सालचे ५० रुपये! आकडा अजून तोच आहे.

म्हणून 'शिक्षा माफ झाली' हेही चूक. माफ करायला आधी शिक्षा व्हावी लागते, आणि ते काम राज्यपाल-राष्ट्रपती किंवा सरकारच्या अधिकारातलं. अपिलात 'शिक्षेला स्थगिती' मिळते ती आणखी वेगळी. तिथे शिक्षा झालेली असते, फक्त अंमल थांबलेला असतो.

शब्दाच्या घडणीकडे येऊ. लिहावं 'परिवीक्षा', वी दीर्घ. परि + वि + ईक्षा, आणि वि + ईक्षा यांचा संधी वीक्षा. कार्यालयांच्या पाट्यांवर 'परिविक्षा' सर्रास दिसतं, ते अशुद्ध. मुळाशी ईक्ष् हा धातू, म्हणजे पाहणे. परीक्षा, प्रतीक्षा, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा ही सगळी त्याचीच पोरं. गंमत अशी की तुरुंगाचा अधीक्षक (अधि + ईक्षक) आणि तुरुंगापासून वाचवू पाहणारा परिवीक्षा अधिकारी हे एकाच घरातले निघतात. एक वरून बघतो, दुसरा सगळ्या बाजूंनी.

भाच्याचा गोंधळ मात्र आपण पैदा केलेला नाही. इंग्रजीतच 'प्रोबेशन' नोकरीला आणि कोर्टाला दोन्हीकडे चालतं. मूळ लॅटिन क्रियापद पारखण्याचं. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्यानं एका दारुड्याला कोर्टात जामीन राहून सोडवलं आणि सुधारून दाखवलं, तिथून या पद्धतीची सुरुवात धरतात. आपण भाषांतर केलं तेव्हा दोन्ही अर्थांना एकच शब्द चिकटवला. भाच्यानं 'उमेदवारीवर आहे' म्हटलं तर कुणाचाच गैरसमज होणार नाही, आणि तो शब्द जुना आहे, घरचा आहे.

पोराबद्दल बोलताना मी म्हणेन, 'दोषी ठरला, पण हमीवर सोडला'. 'परिवीक्षा' अर्जात आणि निकालपत्रात ठीक, गल्लीत 'हमी' पुरे.

याच कागदात 'जातमुचलका' भेटेल. त्यातली जात म्हणजे जातपात नव्हे. 'साहेब जातीनं हजर होते' यातली जात, म्हणजे स्वतः. ज्यानं त्यानं आपलं आपण लिहून द्यायचं ते जातमुचलका. दुसऱ्यानं हमी घ्यायची तर जामीन. जामीन हा अरबीतून आलेला शब्द, आणि तो मुळात माणसाचा वाचक. 'मी त्याला जामीन राहिलो' हा आपला जुना प्रयोग अस्सल आहे. 'जामीन मिळाला' हा नंतरचा. मग हमी घेणाऱ्यासाठी 'जामीनदार' असा शब्द घडवावा लागला.

सोलापूरकरांना एक फायदा आहे, तो पुण्या-मुंबईत नाही. 'शिक्षा' म्हटलं की इथे कुणी शाळेकडे बोट दाखवत नाही. तेलुगूत शिक्ष, कन्नडमध्ये शिक्षे, मराठीत शिक्षा; तिन्ही घरांत अर्थ सजा. हिंदीत मात्र शिक्षा म्हणजे शिक्षण. त्यामुळे पूर्व भागातल्या तेलुगूभाषक पद्मशाली आजीला निकाल सांगायला दुभाषा लागत नाही, हिंदी बातम्या ऐकणाऱ्या नातवाला लागतो!

आणि सुटण्याबद्दल बोलतोय तर सेटलमेंट कशी टाळणार? सोलापुरात 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथे डांबलं, त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अशा वसाहती उभ्या राहिल्या. टकारी, कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची माणसं तारेच्या कुंपणात ठेवली, हजेरी लावायला लावली. तिथे वर सांगितलेले दोन प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. गुन्हा सिद्ध व्हायचा नव्हता, जन्म पुरेसा होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. दोषी न ठरवताच डांबलेल्यांसाठी 'सुटले' म्हणायला मला जीभ रेटावी लागते. म्हणून विमुक्त हा शब्द जपून वापरावा. 'जामिनावर विमुक्त' असं अलंकारिक लिहिणाऱ्यांनी तर नक्कीच.

राहिला व्यवहाराचा भाग, आणि पोराच्या घरच्यांना खरी गरज याचीच आहे. कलम १२ म्हणतं, परिवीक्षेवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे कायद्यानं येणारी अपात्रता चिकटणार नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मधल्या एका निकालात स्पष्ट केलंय. म्हणून नोकरीच्या फॉर्मवरचं क्रियापद नीट वाचा. 'कधी शिक्षा झाली आहे का' हा एक प्रश्न, 'कधी दोषी ठरवले आहे का' हा दुसरा, 'गुन्हा दाखल आहे वा होता का' हा तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्याला 'नाही' लिहिलं तर माहिती लपवल्याचा ठपका येईल, आणि तो मूळ भांडणापेक्षा महागात पडतो. 'होय' लिहा, पुढे 'परिवीक्षेवर मुक्त' अशी नोंद करा, निकालपत्राची प्रमाणित प्रत जोडा. पहिल्या प्रश्नाला काय लिहायचं ते मात्र वकिलाला निकालपत्र दाखवूनच ठरवा.